अबू लबन

इक्बाल हुर्झुक हे नाव आमच्या इस्पितळात फक्त इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावर, आणि पगाराच्या कागदावर चालायचं. बाकी सगळे, म्हणजे वॉर्डातले पेशंट, दारावरचे पहारेकरी, स्वयंपाकघरातले बंगाली आणि खुद्द वॉर्डाचे प्रमुख डॉक्टर फहद, त्यांना ‘अबू लबन’ म्हणत. लबन म्हणजे इथलं ताक. आपल्या ताकापेक्षा दाट, जरा आंबट, अल खर्जच्या डेअऱ्यांतून बाटल्या भरून रोज रियाधला येतं. अबू म्हणजे बाप. ताकाचा बाप. हे नाव कुणी पहिल्यांदा ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. हुर्झुकभाईंना ते आवडत नाही असा त्यांचा दावा होता, पण फोनवर समोरच्याने ओळखलं नाही की ते लगेच सांगायचे, ‘अना अबू लबन.’

इस्पितळ व्यसनमुक्तीचं. मी तिथे फार्मसिस्ट म्हणून नाशिकहून आलो आणि ते आहारतज्ज्ञ म्हणून माझ्या कितीतरी आधीपासून होते. गाव हर्णै. कॉलेज मुंबईला, पण शाळा गावातली मराठी, त्यामुळे अस्सल मराठी बोलायचे आणि मध्येच घरची कोकणी घुसायची. पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्यांनी मला थांबवलं.

“देवरे म्हणजे नाशिक का धुळे?”

मी नाशिक म्हणालो.

“मी हर्णै. पोट साफ होतंय ना?”

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की नवीन माणूस इथे आला की पहिला आठवडा एसीत बसून पाणी प्यायचं विसरतो, दोन्ही वेळा खबूसची रोटी आणि कोंबडी खातो, आणि मग त्याचा चेहरा असा होतो. ‘असा’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चेहरा तसा झालाच होता. त्या संध्याकाळी ते मला घरी घेऊन गेले, आणि जेवताना पुन्हा याच विषयावर आले तेव्हा त्यांची मुलगी ताटावरून मान न उचलता म्हणाली, “अब्बा, प्लीज, नॉट ॲट डिनर.” भाभींनी मात्र मला दह्याची दुसरी वाटी वाढली. त्या घरात या विषयाची सवय झालेली होती.

दिसायला साधे होते. मेंदी लावलेले केस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि जूनच्या उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, कारण बाहेर कितीही आग पडली तरी आत एसीने हाडं दुखतात अशी तक्रार. रियाधमध्ये राहून मासे खात नसत. कुणी सुपरमार्केटमधल्या पापलेटची तारीफ केली की म्हणत, “ह्याला मासा म्हणायचं म्हणजे पासपोर्टवरच्या फोटोला माणूस म्हणायचं.” बोलायला बसले की घड्याळ बघायचं नाही. एका वाक्यात मराठी, हिंदी आणि अरबी यायची आणि ऐकणाऱ्याला तिन्ही कळायच्या. थोडं वाढवून सांगायची सवय होती. हर्णैच्या बंदरातला मासा त्यांच्या तोंडून दरवर्षी वीतभर वाढायचा.

पोटाचा विषय मात्र नुसती लहर नव्हती. आमच्याकडे येणारे बरेचसे पेशंट अफूच्या जातीच्या नशेचे. कुणी हेरॉईन, कुणी वेदनाशामक गोळ्या. अशा औषधांनी आतडं झोपतं. नशा अचानक तुटली की तेच आतडं उलटतं, जुलाब आणि पेटके सुरू होतात. मग उपचाराची, जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली की पुन्हा मलावरोध. पेशंट ओढ सहन करतो, झोप उडते तेही सहन करतो, आणि एक दिवस पोट फुगलं म्हणून सही करून घरी निघून जातो. हुर्झुकभाईंनी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की डॉक्टर फहदांच्या मागे लागून त्यांनी वॉर्डात प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू करायला लावल्या. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल. सोबत ताक, ओट्स, खजूर आणि रोजचं चालणं. जुलाबाच्या औषधाला त्यांचा विरोध नव्हता, ते डॉक्टर देतच. पण पेशंटच्या शेजारी बसून “आज झाली का?” हे विचारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. जो माणूस घरच्यांबद्दल, नशेबद्दल अवाक्षर काढत नसे तो पोटाबद्दल मात्र सविस्तर बोलायचा, आणि बोलता बोलता बाकीचंही यायचं.

कॅप्सूल माझ्या ताब्यातल्या फ्रीजमध्ये असत आणि त्यांच्याबाबत ते फार कडक होते. एकदा पुरवठादाराच्या माणसाने खोकं दुपारभर मालाच्या धक्क्यावर उन्हात ठेवलं. हुर्झुकभाईंनी खोक्याला हात लावला आणि मला म्हणाले की यातले सगळे वारले, परत पाठव. ड्रायव्हर हुज्जत घालायला लागला, तेव्हा त्यांनी खोक्यासमोर उभं राहून मयतावर म्हणतात ते दोन शब्द म्हटले. ड्रायव्हर पाकिस्तानी होता. तो आधी दचकला, मग हसला आणि खोकं उचलून घेऊन गेला.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. अबू सालेह नावाचे एक वयस्कर सौदी गृहस्थ वॉर्डात होते. सुईने नशा करून करून त्यांच्या हृदयाच्या झडपेला संसर्ग झाला होता, तो उपचाराने आटोक्यात आला होता, पण झडप खराब ती खराबच. त्यांच्या खोलीतल्या दोघांना कॅप्सूल मिळे, त्यांना नाही. हुर्झुकभाईंनीच डॉक्टरांना सांगून त्यांची बंद ठेवली होती. निरोगी माणसाच्या पोटात जे जिवाणू भलं करतात तेच अशा माणसाच्या रक्तात शिरले तर झडपेवर घर करू शकतात. धोका थोडा असतो, पण ‘थोडा’ हा शब्द ज्याची झडप गेली त्याला लागू नाही, असं ते म्हणत. अबू सालेहना हे पटलं नाही. परदेशी माणूस आपल्याला कमी लेखतो म्हणून त्यांनी वर तक्रार केली आणि हुर्झुकभाईंना दोनदा ऑफिसात बोलावणं आलं. त्यांनी तिथे काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला दिसलं ते एवढंच की त्यानंतर ते दुपारचं जेवण अबू सालेहच्या टेबलावर घ्यायला लागले. पहिले काही दिवस म्हातारा पाठ करून बसे. मग खजुराची बशी मध्ये सरकवायला लागला.

जिवाणूंच्या बाबतीत इतका सावध माणूस शब्दांच्या बाबतीत मात्र उधळा होता. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘पोट बरं तर सगळं बरं.’ वॉर्डात शिरताना, निघताना, पेशंटला डिस्चार्ज देताना, तिन्ही भाषांत. आम्ही ते ऐकून सोडून देत असू, जसं कुणी ‘देव बघून घेईल’ म्हटलं की सोडून देतो.

प्रशांत आहेरने ते सोडून दिलं नाही.

प्रशांत आमच्याच नाशिकचा. अल खफजीला समुद्रातल्या तेलाच्या कामावर मेन्टेनन्स इंजिनिअर. शिडीवरून पडून कंबर दुखावली, दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, कंबर बरी झाली तरी गोळ्या सुटल्या नाहीत आणि मग डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या जागा त्याला सापडल्या. कंपनीतल्या एका भल्या सौदी सुपरवायझरने त्याची नशा ओळखली आणि त्याला स्वतः गाडीत घालून रियाधला आणलं. स्वतःहून उपचाराला आलेल्याला इथे गुन्हेगार धरत नाहीत असं डॉक्टर त्याला सांगत होते, पण तो प्रत्येक युनिफॉर्मकडे पोलीस असल्यासारखा बघायचा. घरी बायकोला सांगितलं होतं की किडनी स्टोन आहे.

आल्यावर त्याचे फार हाल झाले. अन्नाचा वास आला तरी उलटी. हुर्झुकभाईंनी स्वयंपाकघरातल्या बंगाली आचाऱ्याला उकड्या तांदळाची पेज करायला शिकवली, मीठ घालून, पातळ, आणि ती स्वतः घेऊन जायचे. प्रशांतने पेज घेतली, मग ताक घेतलं, मग कॅप्सूल. गोळीने ओढ आवरली होती आणि या सगळ्याने पोट. तो माणसात आला. माझ्या खिडकीशी येऊन नाशिकच्या गप्पा मारायला लागला. हुर्झुकभाईंना काका म्हणायचा. जाताना त्यांच्या पाया पडला, तेव्हा त्यांनी त्याला उभं केलं आणि नेहमीचंच वाक्य म्हणाले. गोळी चालू ठेवायची, महिन्याने दाखवायला यायचं, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं, मी औषध देताना सांगितलं, कागदावरही लिहून दिलं.

खफजीला परत गेल्यावर त्याने गोळी बंद केली. कॅम्पमध्ये खोलीतला जोडीदार ती बघेल याची त्याला लाज वाटत होती. कॅप्सूल आणि ताक मात्र त्याने नेमाने चालू ठेवलं, कारण ते कुणासमोरही घेता येत होतं, आणि पोट अगदी छान होतं. पोट छान आहे म्हणजे आपण बरे आहोत, असं त्याने धरलं. पुढे कंबर पुन्हा दुखली. जुन्या ओळखीच्या ड्रायव्हरकडून त्याने जुन्या गोळ्या आणल्या आणि जुन्याच हिशोबाने घेतल्या. तेवढ्या गोळ्या झेलायची शरीराची सवय आता गेलेली होती. आकडी येऊन तो बाथरूममध्ये पडला. जोडीदाराने दार तोडलं म्हणून वाचला. तिथल्या इस्पितळातून त्याला पुन्हा आमच्याकडे पाठवलं.

त्याला आणलं तेव्हा मी औषधं घेऊन वॉर्डात गेलो होतो आणि हुर्झुकभाई पेज घेऊन आले होते. प्रशांतच्या कपाळावर टाके होते. भाईंनी खुर्ची ओढली आणि जरा रागानेच विचारलं की गोळी का बंद केलीस, मी कधी बंद कर म्हणालो होतो का.

प्रशांत सावकाश म्हणाला, “तुम्ही म्हणाला होतात काका, पोट बरं तर सगळं बरं. पोट बरं होतं.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. हुर्झुकभाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.  म्हणाले, “म्हणालो होतो. ते चुकीचं होतं.” मग त्यांनी त्याला पेज पाजली. कॅप्सूल देताना एकेक शब्द सुटा करून सांगितलं की ही पोटासाठी आहे, फक्त पोटासाठी, नशेची ओढ हिच्याने जात नाही, त्यासाठी ती दुसरी गोळी आहे, आणि ती डॉक्टर सांगतील तोवर.

त्या दिवसानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. घरी जाताना गाडीत मी आपलं बोलायचं म्हणून बोललो की भाई, कागदावर सगळं लिहून दिलं होतं, तुमचा काय दोष. ते म्हणाले, कागद डॉक्टरचा होता, आणि त्याचा विश्वास माझ्यावर होता.

नेमकं याच सुमारास पुरवठादार कंपनीने आमच्या लोकांना रियाधच्या ओलाया भागातल्या त्यांच्या ऑफिसात बोलावलं. काचेच्या टॉवरमधला वरचा मजला, चकचकीत टेबल, प्रत्येकासमोर खजुराची पेटी. कंपनीला आमच्या वॉर्डाबरोबर जाहिरात करायची होती. पडद्यावर पोस्टर दाखवलं: पांढऱ्या थोबमधला, म्हणजे सौदी झग्यातला, हसरा तरुण, हातात कॅप्सूलची बाटली आणि वर अरबी-इंग्रजीत ओळ, की नशेची ओढ आतून कमी करा. खाली मान्यवर म्हणून आमच्या अनुभवी आहारतज्ज्ञाचं नाव टाकायचं होतं. आमच्या व्यवस्थापनाला कल्पना पसंत होती. कंपनी वॉर्डासाठी कॅप्सूल फुकट द्यायला तयार होती आणि त्याची आम्हाला गरजही होती.

हुर्झुकभाई नेहमीप्रमाणे स्वेटर घालून बसले होते. त्यांच्यावर पाळी आली तेव्हा ते उठले नाहीत. बसल्या बसल्या हळू आणि साध्या इंग्रजीत बोलले. ह्या कॅप्सूलने माझ्या बऱ्याच पेशंटांच्या पोटाला आराम पडलेला मी पाहिला आहे, काहींना काहीच फरक पडला नाही, आणि काहींना ती देऊच नये. ओढ कमी झालेली मी पाहिलेली नाही. जगात लोक याचा अभ्यास करत असतील, उद्या खरं निघालं तर मला आनंदच आहे. पण आज ही ओळ वाचून कुणी आपलं औषध बंद केलं तर तो मरू शकतो, आणि एक जण मरता मरता वाचला आहे.

कंपनीचा माणूस नम्र होता. म्हणाला, ओळ जरा मवाळ करू, ‘कमी करा’च्या जागी ‘कमी करायला मदत’ लिहू. हुर्झुकभाई म्हणाले, ‘पोटाला आराम’ एवढं लिहा, माझं नाव मोठ्या अक्षरात टाका, आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा की डॉक्टरांची गोळी बंद करू नका.  आमच्या व्यवस्थापकाने खजुराची पेटी उघडली आणि विषय बदलला. पोस्टर झालं नाही. फुकटच्या कॅप्सूलही आल्या नाहीत. वॉर्डात काही महिने नुसत्या ताकावर काम चाललं, आणि सांगायला हरकत नाही, बऱ्याच जणांचं त्याच्यावर चाललंही.

वर्षअखेरीस त्यांचा करार पुढे वाढवला नाही. सौदी मुलं-मुली आता शिकून तयार होत आहेत, आहारतज्ज्ञाच्या जागी त्यांनाच घ्यायचं हा नियम होताच, त्यामुळे पोस्टरचा आणि याचा संबंध होता की नाही हे कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. हुर्झुकभाईंनी विचारलंही नाही. त्यांच्या जागी रीम नावाची तरुण मुलगी आली. तिला त्यांनी सगळं शिकवलं: पेशंटशी कुठून सुरुवात करायची, कॅप्सूल कुणाला द्यायची, कुणाला नाही, खोकं आलं की आधी हात लावून बघायचं. पेज शिकवताना बंगाली आचारी मध्ये मध्ये त्यांनाच दुरुस्त करत होता. रीम त्यांना ‘अम्मू’ म्हणायची, म्हणजे काका. शेवटच्या आठवड्यात अबू सालेह मुलाच्या गाडीतून येऊन भेटून गेले.

प्रशांतलाही कंपनीने घरी पाठवायचं ठरवलं होतं. सुपरवायझरने एवढं केलं की उपचार पुरा होऊन तब्येत सावरेपर्यंत त्याचा देश सोडायचा व्हिसा थांबवून धरला. आता प्रश्न होता तो पुढचा. औषध बरोबर न्यायचं, त्याचे कागद, नाशिकला ते कुठल्या डॉक्टरकडे चालू राहणार. यातलं जमेल ते मी केलं. बायकोला खरं काय ते सांगणं उरलं होतं. ते प्रशांतने एका दुपारी हुर्झुकभाईंच्या घरून, त्यांना शेजारी बसवून, फोनवर सांगितलं. भाभी मला नंतर म्हणाल्या की बायकोने पलीकडून एवढंच विचारलं की कधी येताय. हुर्झुकभाई मध्ये एक शब्द बोलले नाहीत. त्याचं भाभींना फार आश्चर्य वाटलं होतं.

त्या फोननंतर थोड्याच दिवसांत भाभी आणि मुलगी गावी गेल्या, मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी. हुर्झुकभाईंनी स्वतःचं तिकीट बदलून प्रशांतच्याच विमानाचं घेतलं. मुंबईला त्याची बायको घ्यायला येणार होती. तिच्या हाती पोराला दिलं की मग मी हर्णैला सुटलो, म्हणाले. पोरगा चाळिशीला आला होता.

मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. भाईंच्या बॅगा सगळ्यांच्या असतात तशाच, ब्लँकेटं, बदाम, दोरीने बांधलेलं खोकं. प्रशांतकडे एक छोटी बॅग आणि खांद्याला पिशवी. रांग लांब होती. कुणाचं तरी वजन जास्त झालं होतं आणि तो जमिनीवर बॅग उघडून शर्ट काढत होता. मी निरोप घेतला, दोघांना मिठी मारली आणि बाहेर जायला वळलो. दारापाशी जाऊन मागे पाहिलं.

रांगेत उभ्या उभ्या प्रशांतने घड्याळ बघितलं, खांद्यावरच्या पिशवीतून औषधाचं पाकीट काढलं आणि गोळी जिभेखाली ठेवली. आजूबाजूला सगळी आपलीच माणसं, कोकणातली, नाशिकची, हैदराबादची. त्याने कुणाकडे पाठ केली नाही. ती गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, गिळायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. पुढच्या माणसाने वळून त्याला काहीतरी विचारलं. प्रशांतने आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं. त्या माणसाने मग हुर्झुकभाईंकडे बघितलं. भाईंनी नुसती मान हलवली आणि तेही ओठ मिटून त्याच्या शेजारी उभे राहिले. रांग सरकली तसं त्यांनी पायाने खोकं पुढे ढकललं.